धाकट्याची घट

इंदू नर्स राजूरला आली तेव्हा बावीस वर्षांची होती. वडील नगरला शाळामास्तर. एवढ्या लांब डोंगरात एकट्या मुलीला धाडायला आई तयार नव्हती, पण इंदूने हट्ट धरला. दवाखान्यातून तिला एक पिशवी मिळाली. तिच्यात स्प्रिंगचा काटा आणि झोळीचे दोन कपडे. नोकरी संपेपर्यंत त्या काट्याला तिने किती पोरे टांगली, कुणी मोजली नाहीत. पण बहात्तर सालच्या पौषात तोललेली दोन पोरे ती कधी विसरली नाही.

राजूरपासून तासभर चालले की डोंगराच्या पायथ्याला मच्छिंद्रची वस्ती लागे. त्याची बायको बनू हिला जुळे मुलगे झाले, तेही इंदूच्याच हातावर. जन्मल्याबरोबर तिने दोघांना तोलले होते. थोरला दोन किलो आठशे, धाकटा एक किलो आठशे. आज चौथा दिवस म्हणून ती पुन्हा आली होती. थोरल्याने रडून घर डोक्यावर घेतले होते. धाकटा निजला होता.

"ह्यो आमचा पाटील," मच्छिंद्रची आई साळूबाई म्हणाली, "नुसता कोकलतोय. अन् त्यो साधुबुवा, समाधीत. सकाळधरनं दुपटंसुदिक बदलाया लागलं न्हाई. लई गुनाचं लेकरू."

इंदूने तुळईला काटा अडकवला. आधी थोरल्याला टांगले, कारण सगळ्यांना काळजी त्याचीच. अडीचशे ग्रॅम उतरला होता. बनूचा चेहरा पडला.

"घाबरू नकोस. पहिल्या दिवसांत लेकरू उतरतंच. दहाव्या हिश्श्याच्या आत असलं म्हणजे झालं." इंदूने मनात हिशेब केला. अठ्ठावीसशेचा दहावा हिस्सा दोनशे ऐंशी. ठीक. मग झोळीला दुसरा कपडा लावून धाकट्याला टांगले. "याचंही अडीचशेच. दोघांचं सारखंच आहे."

साळूबाईने गुळाचा चहा दिला. इंदू निघाली.

ओढ्यावर ती झोळीचे कपडे धुवायला बसली. थोरल्याचा कपडा ओला, वास मारत होता. धाकट्याचा हातात घेतला, तर कोरडा ठणठणीत. सकाळपासून दुपटं बदलावं लागलं नाही, हे साळूबाईचे कौतुक तिला आठवले. दहावा हिस्सा तिने थोरल्याचा काढला होता. धाकट्याचा काढलाच नव्हता. अठराशेचा दहावा हिस्सा एकशे ऐंशी. गेले होते अडीचशे.

कपडे तसेच पिशवीत कोंबून ती चढावर पळत सुटली.

साळूबाई अंगणात वाळत घातलेला हिरडा उलथत होती. "काय बाई, काटा इसरला व्हय?"

"आजी, धाकट्याला आत्ताच्या आत्ता संगमनेरला न्यायचं. चारची एसटी गाठायची."

"उद्या पाचवी हाय. सटवाई पुजल्याबिगर लेकरू उंबऱ्याभाईर काढत न्हाईत."

मच्छिंद्र गोठ्यातून आला. "न्यायचं तर थोरल्याला न्या की, त्यो रडून मरतोय. अन् तुमीच म्हनला ना, दोगांचं सारखंच?"

"म्हणाले. चुकले मी." इंदूला दम लागला होता. तिने आत जाऊन धाकट्याच्या पोटाची कातडी हलकेच चिमटीत धरली आणि सोडली. घडी तशीच राहिली. ओठांना बोट लावले, पण त्याने चोखले नाही. रडलाही नाही.

बनू भिंतीला धरून उठू लागली. साळूबाई मात्र उंबऱ्यातच उभी. तिला ओलांडून कुणी जाणार नव्हते.

"अडीचशे त्याचं गेलं, अडीचशे ह्याचं गेलं," ती म्हणाली. "मग ह्योच का?"

"दोघांची अंगं सारखी नाहीत, आजी."

साळूबाईने अंगणातल्या हिरड्याकडे पाहिले. दरसाल व्यापारी तिच्या हिरड्याची वाळून येणारी घट शेकड्यावर धरायचा आणि ती त्याच्याशी भांडायची.

"शेकड्याला किती पडली?"

"थोरल्याची शंभराला नऊ. याची चौदा."

"म्हंजी धाकटं जास्त वाळलंया."

"हो आजी."

साळूबाईने धाकट्याला उचलले, उघड्या छातीशी धरून वर लुगडे आणि घोंगडी गुंडाळली. "मच्छिंद्रा, बैलगाडी जुंप. सटवाईला म्हनावं, लेकराचं लिवायचं आसंल तर संगमनेरला ये."

वाटेत बनू वाटीत दूध पिळत होती आणि इंदू कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब धाकट्याच्या ओठांत सोडत होती. पहिले थेंब गालावरून ओघळले. ओढा ओलांडताना एकदा घोट गेल्यासारखा वाटला. पुन्हा काही नाही. थोरला बनूच्या मांडीवर कोकलतच होता. आता त्याच्या रडण्याचाच आधार वाटत होता.

राजुरात शिरले तर एसटी हलली होती. मच्छिंद्रने गाडीवरून उडी टाकली आणि एसटीपुढे हात पसरून उभा राहिला.

"बाजूला हो! मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडला.

"मरायचं न्हाई म्हनून तर हुबा हाय!"

एसटी थांबली.

दहा-बारा दिवसांनी इंदू रजा काढून संगमनेरला गेली. दवाखान्यात काटा होता, तरी आपलाच घेऊन गेली. धाकटा साळूबाईच्या छातीशी होता आणि चांगला रडत होता. तोलला तर एक किलो सातशे सत्तर भरला.

"चौदा गेलं हुतं. किती आलं?"

"चौदा आले, आजी."

"मग झालं की! सोडायला सांगा. पाचवीची पूजा ऱ्हायलीया."

"अजून तीस ग्रॅम कमी आहेत."

"चौदा गेलं, चौदा आलं, मग कमी कसं?"

"गेले ते अठराशेवरचे चौदा. आले ते साडेपंधराशेवरचे. अंग लहान झालं, तसा शेकडाही लहान झाला. पहिल्या जागी यायला सोळा लागतात."

"उतरायला सोपं, चढायला आवघड," साळूबाई पुटपुटली आणि पदर सावरून परत खाटेवर बसली. "बरं. सोळा हुस्तोवर बसते."

सोळा भरले त्या दिवशी तिने दवाखान्यामागच्या लिंबाखाली पाच खडे मांडून सटवाई पुजली. इंदू तेव्हा राजूरला दुसऱ्या एका लेकराला तोलत होती. आधी तिने झोळीचा कपडा हाताने चाचपून पाहिला, मग काट्याकडे पाहिले.