टोपाखालचं लाल फडकं

आमच्या टॅक्सीच्या समोरच्या काचेवर ऊन अडवणारा पत्र्याचा टोप बसवला तेव्हा नाशिक रोडच्या स्टँडवर तसला टोप दुसऱ्या कुणाच्या गाडीला नव्हता. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आमचे हे स्टेशनवरून रामकुंडाच्या फेऱ्या मारत. बहुतेक उतारू अस्थी घेऊन आलेले, त्यामुळे गाडीत बोलणं कमी आणि मुसमुसणं जास्त. मी जवळच्याच शाळेत पोरांना पाढे शिकवायचे.

ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. तेव्हा तो पिकल्याशिवाय काढत नसत. "उन्हापासून जपा, पिकला की बघू," असं डॉक्टर म्हणाले, एवढं ह्यांनी मला सांगितलं. गाडीबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं नाही, आणि मीही खोदून विचारलं नाही. दुपारनंतर पंचवटीकडे निघालं की ऊन थेट तोंडावर येतं. समोरची काच नुसती पांढरी होते, असं हे म्हणायचे. माझ्या पोटात एकच भीती होती: हा माणूस एक दिवस कुणाला तरी गाडीखाली घेईल. ह्यांची भीती वेगळी, गाडी चालवणं सुटण्याची. घरी बसवलं असतं तर हे भिंतीशी भांडले असते, इतकं मी त्यांना ओळखत होते.

टोप ह्यांनी स्वतः आखला. आधी पुठ्ठा कापून काचेवर धरला, मला समोर उभं करून "वर, खाली, जरा इकडे" असं तासभर चाललं. मग एका पत्रेवाल्यानं भंगारातला पत्रा ठोकून दिला: काचेवर वीतभर पुढे आलेला, दोन्ही टोकांना कानासारखा खाली दुमडलेला, छपराच्या कडेला लोखंडी पट्ट्यांनी कसलेला. चकाकू नये म्हणून आतून काळपट हिरवा रंग. त्या टोपाखालून गाडी कुणाकडे तरी रोखून बघतेय असं वाटायचं. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्यात स्टँडवर कुणीतरी उठवून दिलं की पत्रा स्मशानातल्या शेडचा आहे. हे हसले.

"असेना का. माझं गिऱ्हाईक पण तिकडूनच येतं."

महिनाभर बरं चाललं. मग आवाज सुरू झाला.

दिवेलागणीची वेळ होती. गाडी अंगणात उभी, हे आत हातपाय धूत होते, मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. टक. थोडं थांबून, टक टक. कुणी आत बसून बोटाच्या पेरानं काच वाजवावी तसा. मी उठून गाडीत डोकावले. आत कुणी नव्हतं. वाऱ्याची झुळूक आली, आणि अगदी माझ्या कानाशी पुन्हा टक. मी वह्या उचलल्या आणि घरात गेले.

आम्ही बौद्ध. भूतखेत, उतारा, लिंबू-मिरची हे आमच्या घरानं मागच्या पिढीतच उंबऱ्याबाहेर टाकलेलं. त्यामुळे मी घाबरले होते, पण कबूल करायला तयार नव्हते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना मला टोपाखाली, ह्यांच्या बाजूच्या दुमडलेल्या पत्र्याच्या कानातून, एक लाल फडकं लोंबताना दिसलं. हातभर नाही, पण चांगलं वीतभर. मी जळले. म्हणजे साहेबांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून गाडीची नजर काढली होती! विहारात पुढे बसून वंदना म्हणणारा माणूस! विचारलं असतं तर हे खोटं बोलले असते, आणि ते मला सहन झालं नसतं. म्हणून मी तोंड शिवून घेतलं. माझा राग असाच आहे, भांडी आपटत नाही, मुका होतो.

नऊ दिवस मी फडक्याचा विषय काढला नाही. रोज ह्यांच्या शेजारी बसून शाळेपर्यंत जायचे. ते लाल टोक ह्यांच्या डोळ्यांसमोर फडफडायचं आणि हे जणू तिथं काहीच नाही असे पुढे बघत राहायचे. काय नाटक करतो हा माणूस, असं मला वाटायचं. मध्येच टक टक व्हायचं.

"ऐकू येतंय का?" एकदा न राहवून मी विचारलं.

"येतंय. पट्टी ढिली झाली असेल. वरचे स्क्रू चाचपले मी, घट्ट लागले."

स्टँडवरचा एक टॅक्सीवाला मला भेटला तेव्हा हळूच म्हणाला, "वहिनी, भाऊनं बांधलं ते लय बरं केलं. त्या पत्र्याला पायजेच होतं." म्हणजे माझी खात्रीच पटली. आणि खरं सांगायचं तर, रात्री तो आवाज आला की, बांधलंय ते बरंच आहे, असं मलाही वाटून जायचं. त्याची मला जास्त लाज वाटायची.

सातव्या दिवशी एक सायकलवाला समोर आला. मी ओरडले तेव्हा ह्यांनी ब्रेक मारला. तो शिवी हासडून निघून गेला.

"दिसला होता मला," हे म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी माझा बांध फुटला. हे गाडीतून उतरतच होते.

"अहो, हे लाल फडकं कुणाच्या सांगण्यावरून बांधलंत?"

"कसलं फडकं?"

"कसलं म्हणजे? नऊ दिवस नाकासमोर लोंबतंय!"

हे काचेपाशी गेले. मान वर केली. फडकं त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर हलत होतं, आणि त्यांची नजर टोपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली, कुठंच थांबली नाही. मग त्यांनी हात वर केला आणि पत्र्याखालून चाचपडत नेला. बोटं कापडाला लागली तेव्हा ते दचकले.

गाठ सोडून त्यांनी पत्र्याच्या कानातून मुठीएवढा पितळी लोटा काढला. लाल फडक्यानं तोंड बांधलेला. आत काहीतरी खडखडलं. वारा आला की काचेवर टक टक करणारा हाच.

तेव्हा त्यांना आठवलं. एक कुटुंब होतं, लांबून आलेलं. निम्म्या अस्थी रामकुंडात सोडल्या, निम्म्या प्रयागला न्यायच्या होत्या. परत निघण्याआधी ती माणसं भाकरी खायला बसली. अस्थी जमिनीवर टेकवत नाहीत, झाडाला टांगतात. तिथं झाड नव्हतं, टोपाची पट्टी होती. मग आगगाडीची वेळ झाली, स्टेशनवर सगळे धावत सुटले. पंधरा दिवसांनी त्यांचा मुलगा टोपाच्या खुणेवरून घर शोधत आला आणि लोटा घेऊन गेला. तोवर आम्ही तो अंगणातल्या शेवग्याला टांगून ठेवला. आमच्यात ती रीत नाही, पण माणूस कुणाचं तरी होतं.

त्या संध्याकाळी मात्र लोटा टांगून झाल्यावर हे माझ्याकडे वळले.

"तुला नऊ दिवस दिसत होतं?"

"हो."

"आणि तू बोलली नाहीस."

पहिल्याच दिवशी भांडले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. नऊ दिवसांत किती माणसं त्या गाडीत बसली, किती समोरून गेली.

"मला दिसतं," हे एकदम म्हणाले. "पत्र्याखाली अंधार असतो म्हणून ते दिसलं नाही. तू बघच." आणि गाडीत जाऊन बसले. "उभी राहा समोर. आता मागं जा."

मी काचेसमोरून मागे सरकत गेले. अंगणाच्या टोकाला शेजाऱ्यांची चुना लावलेली भिंत होती.

"दिसतेस. आणखी जा."

मी गेले.

"दिसतेस."

भिंतीला पाठ लागली. अंगावर फिकं पातळ होतं. मी चपला काढल्या आणि आवाज न करता बाजूला झाले, चार पावलं, मग आठ. गाडीच्या दाराशी पोहोचले. टोपाच्या सावलीत ह्यांचा चेहरा शांत होता, नजर त्या रिकाम्या भिंतीवर.

"अजून दिसतेस," हे म्हणाले. "स्पष्ट दिसतेस."

मी खिडकीतून हात घातला आणि किल्ली काढून घेतली.