बोटाच्या पेरानं दिलेलं आमीन

द्राक्षाच्या पानांच्या वळकट्यांनी पातेलं अर्धंच भरलं होतं. पानावर चिमूटभर तांदूळ-खिमा ठेवायचा, कडा दुमडायच्या आणि करंगळीएवढी वळकटी करून आधीच्या रांगेला चिकटवून बसवायची. नझमियाची बोटं तेलातांदळानं बरबटली होती. ओट्यावरचा फोन टुणकन वाजला. सकाळपासून सतराव्यांदा.

तिनं मान वळवली. वळवायची नाही असं ती रोज ठरवायची, पण तो आवाज जणू मानेला दोरी बांधून ओढायचा. नमाजानंतर बोटांच्या पेरांवर तेहतीसदा नाव घ्यायचं, तर ते कधी एकविसावर तुटायचं, कधी सव्विसावर. मग पुन्हा पहिल्यापासून. अल्लाहसमोर बसून मन ओट्यावर, याची तिला लाज वाटायची.

आणि फोनमध्ये असायचं काय? गुलाबाचं फूल, जुम्म्याच्या शुभेच्छा, वाफाळता कप. कुराणाच्या धड्याला जमणाऱ्या बेचाळीस बायकांचा तो गट. एकीनं दुआ टाकली की बाकीच्यांचे आमीन, आणि दर आमीनला एक टुण. शाळेत शिकवणाऱ्या तिच्या सुनेनं, अरीजनं, एकदा समजावलं होतं, "खाला, ते काही सांगायला वाजत नाही. तुम्ही हातात घ्यावं म्हणून वाजतं. तुम्ही घेता, म्हणून आणखी वाजतं." आवाज बंद करून देते म्हणाली, तर नझमियाच नको म्हणाली. कुणाचं बरंवाईट झालं तर कळायचं कसं?

तिनं आपली सोय आपणच लावली होती. पडद्यावर वरून पट्टी उतरायची आणि खाली तयार उत्तर असायचं. ती नेहमी काय म्हणते हे फोनला पाठ झालं होतं. एक बोट लावलं की पट्टी गेली, लाल आकडा गेला, कर्तव्यही झालं.

आताची पट्टी हाज्जा बहीजाची होती. धडा घेणाऱ्या या बाईला मांजर हरवलं तरी आधी पाच ओळी दुआ लिहिल्याशिवाय मुद्द्यावर येता येत नसे. 'या अल्लाह, तुझ्या रहमतीची सावली आम्हां सर्वांवर...' एवढंच पट्टीत मावलं होतं. बोटं खरकटी म्हणून नझमियानं पेर टेकवलं. आमीन गेलं. ती पुन्हा पानांकडे वळली.

दुपारची अजान होऊन तासभर झाला तेव्हा अरीज घरी आली आणि दारातच थबकली.

"खाला, तुम्ही घरात? गेला नाहीत?"

"कुठे?"

अरीजनं ओट्यावरचा फोन उघडून समोर धरला. दुआ पाच ओळींची होती. सहाव्या ओळीत फिर्याल होती. पहाटे गेली, दुपारच्या नमाजानंतर दफन.

फिर्याल म्हणजे तिची दूधबहीण. नझमियाची आई विषमज्वरानं पडली तेव्हा फिर्यालच्या आईनं दोघींना एकत्र पाजलं होतं. सात वर्षांपूर्वी त्याच माउलीला दोघींनी मिळून शेवटची अंघोळ घातली आणि ओले हात पुसतापुसता फिर्याल म्हणाली होती, "मी आधी गेले तर तूच घाल बाई. परका हात नको. फक्त हमामात घासतेस तसं माझं कातडं सोलू नकोस." दोघी मयताच्या घरात हसल्या होत्या. नझमियानं शब्द दिला होता.

समोरच्या टेकडीवर फिर्यालच्या घरी ती धापा टाकत पोचली तेव्हा पुरुष कबरस्तानातून परतले होते. आत बायका बसल्या होत्या, बिनसाखरेची कॉफी फिरत होती. फिर्यालची मुलगी सुहाद उठली नाही.

"अकरापर्यंत अंघोळ थांबवली होती मी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सगळ्या म्हणाल्या उशीर होतोय, तिला फोन लाव. मी म्हटलं, फोन कशाला? खालाचं आमीन आलंय, म्हणजे निघालीच असेल. शेवटी वरच्या आळीच्या उम्म जरीरला बोलावलं."

नझमिया म्हणाली, "मी वाचलं नव्हतं." तिला स्वतःलाच ते खोटं वाटलं.

"पहिलं आमीन तुझंच आहे, उम्म मुहन्नद," नझमियाला तिच्या मुलाच्या नावानं, मुहन्नदची आई म्हणून हाक मारत बहीजानं फोन पुढे केला. कोपऱ्यातली एक म्हातारी पुटपुटली की हल्ली माणसं आधी आमीन म्हणतात, मग कोण मेलं ते बघतात. कुणी तिला गप्प केलं नाही. इतक्यात बहीजाच्या हातात फोन वाजला. पाच-सहा माना तिकडे वळल्या. त्यांत नझमियाचीही होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. गटात फिर्यालच्या नावाखालीच एकीनं गुलाब टाकला, त्यावर एकोणीस आमीन. फिर्यालचा नंबर अजून गटात होता, तिलाही जुम्मा मुबारक मिळाला. नझमियानं अरीजला सांगून आवाज बंद करून घेतला. तरी सकाळभर तिची मान वळतच राहिली, न वाजणाऱ्या फोनकडे. माफी मागायला दुआ करावी तर ओठांवर पहिला शब्द आमीनच येई, आणि तिथंच तिची जीभ अडे.

मग तिनं ओढणी घेतली. तिला वरच्या आळीत उम्म जरीरच्या घरी जायचं होतं. फिर्यालचे केस विंचरले का, मयत बाईच्या घालतात तशा त्यांच्या तीन वेण्या घातल्या का, एवढं विचारून यायचं होतं.