वाचायचं तापमान

ताईचं म्हणणं एवढंच होतं, की दुधाच्या थंड कोठीत किती अंश आहेत हे यंत्रानं सांगावं, माणसानं नव्हे. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. वयामुळे नाही, वादात इंचभर हटत नसे म्हणून. कोठ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तिनं ‘तापमान’ फक्त वाचण्यापुरतं ठेवलं होतं: वाचायला गेटर, लिहायला सेटर नाहीच.

पण टीमचा म्होरक्या दादा. त्यानं लिहिलेल्या इंटरफेसमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या कोडमधल्या करारात, नुसतं ‘तापमान, एक आकडा’ एवढंच. तो बदलायचा की नाही, त्यावर अवाक्षर नाही. कोडमधल्या चुका पकडणाऱ्या कंपायलरनं ताईचं काम मुकाट पास केलं. आणि गिऱ्हाइकासमोर दादानं स्क्रीनवर चार अंश टाकले, तसा प्रोग्रॅम आडवा पडला.

“करार तू मोडलास!” दादा तणतणत आला.

“कंपायलरनं हूं का चूं केलं नाही, आणि मोडला मी? रीडओन्ली लिहा की तिथं. गिऱ्हाइकाला हवं असलेलं तापमान वेगळ्या नावानं ठेवू.”

“त्या इंटरफेसवर अर्धं ऑफिस उभंय. सेटर टाक.”

“आत नऊ असताना कुणी चार टाकले तर? दूध नासेल, दादा.”

“ताई, सेटर!”

तिनं नवऱ्याला फोन लावला. “जेवायला थांबू नकोस.”

“आज कोण जिंकलं?”

“कंपायलर.”

मग दात-ओठ खात तिनं सेटर लिहिला. आत काहीच नाही, रिकामा: आकडा घ्यायचा आणि सोडून द्यायचा. कंपायलर खूश, दादा खूश.

पुढच्या आठवड्यात कोठीवाल्याचा फोन. “अहो, तुमचं सॉफ्टवेअर येडं झालंय! चार टाकतोय, परत नऊच. बोटं झिजली माझी.”

“आत जाऊन पाहिलंत?”

“आत कशाला? स्क्रीन आहे ना!”

ताईनं कपाळाला हात लावला. “आधी जा. दार बघा.”

पलीकडे चपला फटफटल्या. मग एक सणसणीत शिवी. दाराचं रबर लोंबत होतं. दूध थोडक्यात वाचलं.

दादानं सगळं ऐकलं. “रिकामा ठेवलास ते सांगायचंस तरी!”

“सांगितलं असतं तर ठेवू दिला असतात?”

दादा इंटरफेसची फाईल उघडून तापमानाच्या ओळीकडे बघत बसला. “सोमवारी बघू,” पुटपुटला.

ताईनं खुर्ची ओढली. “सरका. रीडओन्ली आत्ताच लिहू.”