वहिनीच्या हातावरच्या काळ्या रेषा

वहिनीचं दुखणं मी सात-आठ महिने डोळ्यांनी पाहत होतो, आणि मी डॉक्टर आहे.

चांदूर बाजारला माझा छोटा दवाखाना. दादा-वहिनी शेवंती, झेंडू लावतात. उजाडायच्या आत फुलं तोडायला जाणारी ही बाई एका दिवाळीनंतर सारखी बसायला लागली. जेवण सुटलं, वजन उतरलं, उठताना भोवळ यायची. मी रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, मग ताकदीची इंजेक्शनं. रंग काळवंडत चालला होता. आई म्हणाली, "उन्हात राबते, काळी पडनच." मलाही पटलं.

अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, थायरॉइड पाहिलं. सगळं ठीक. मनाचं असेल, म्हणाले. मी उदासीवरच्या गोळ्या सुरू केल्या. तेव्हा वहिनी माझ्यासमोर पेशंटच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "भाऊजी, मी नाटक करून राहिली असं तुमालेबी वाटते का?"

"नाही हो वहिनी," मी म्हणालो. पण थोडंसं वाटत होतं.

उन्हाळ्यात ती अकोल्याला माहेरी गेली. दोन दिवस उलट्या झाल्या आणि न्हाणीत कोसळली. मी पोचलो तेव्हा तिथल्या दवाखान्यात सलाइन चालू होतं, बीपी लागतच नव्हतं. डॉक्टर माझ्याहून बरीच लहान मुलगी. तिनं वहिनीचा हात उताणा करून रेषा निरखल्या, ओठ उलटून हिरड्या पाहिल्या.

"काकूंना खारट खावंसं वाटतं का हो?"

वहिनीची आई म्हणाली, "लोणच्याचा खार वाटीनं पेते थे!"

"सर, रेषा आणि हिरड्याही काळ्या आहेत," ती मला हळूच म्हणाली. "हे उन्हाचं नाही." रक्त तपासायला पाठवून, रिपोर्टची वाट न पाहता तिनं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी वहिनीनं उठून बसून चहा मागितला.

मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कामातून गेल्या होत्या. अ‍ॅडिसनचा आजार: अंगातलं स्टिरॉइड आटतं, मीठ टिकत नाही, कातडी काळवंडते. परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. समोर माणूस बसलेलं असताना मात्र ते नाव मला एकदाही सुचलं नाही.

आता गोळ्या जन्मभर. वहिनी पुन्हा शेतात जाते, पण लवकर थकते. साधा ताप आला तरी अकोल्याच्या त्या डॉक्टरणीला फोन लावते, मला विचारत नाही.

गेल्या महिन्यात मीच तिच्याकडे गेलो. ती लसूण सोलत होती.

"वहिनी, माझं चुकलं."

तिनं मान वर केली नाही. "तुमच्या त्या मनाच्या गोळ्यांनी मी दिवसभर झोपून राहो. पोरी म्हणत, आई आळशी झाली. त्याईले सांगा तुमी."

मी दोघी पुतण्यांना बसवून सगळं सांगितलं. धाकटी रडायला लागली.

"काका," थोरली म्हणाली, "आमी तिले लय बोललो होतो."