वरातीला का नाही लावली?

ती हात वर करायची. तळवा पुढे, बोटं सैल. "दम धरा," म्हणायची. मेंढ्यांना, कुत्र्याला, घाईत असलेल्या माझ्या बाबांनाही तोच हात आणि तेच दोन शब्द. चौकातल्या वाहतूक पोलिसाचंही इतकं कोणी ऐकत नसेल.

तूर निघाली की या धनगर म्हातारीचा कळप पेडगावच्या आमच्या शेतात बसायला यायचा. मेंढ्या बसल्या की आमच्या जमिनीला खत मिळतं आणि त्यांच्या माणसांना धान्य. मी सुट्टीत गेले की बांधावरून नुसती बघत राहायचे. मला अनोळखी माणसांशी बोलायला सुचत नाही. तिला त्याचं काही वाटायचं नाही. "बोलू नगं माय, बस हितं," म्हणायची.

गेल्या वर्षी झरीच्या रस्त्यावर एका बड्या बागायतदाराच्या मुलाची वरात निघाली होती. समोरून हिचा कळप येत होता, आणि कळपाच्या मागे स्कूटीवर मी. बंदोबस्ताच्या तरुण शिपायाने आधी वरातीपुढे हात जोडले. "दादा, थोडं बाजूला घेता का?" कोणी घेतलं नाही. मग तो कळपाकडे आला. त्याच्या हातात करंटची काठी होती, टेकवली की झटका देणारी.

"ए म्हातारे, हाकल यांना!"

"दम धरा साहेब. म्होरची वळली की समद्या वळत्यात."

त्याने काठी त्या वर केलेल्या तळव्यालाच लावली.

ती मटकन खाली बसली. ती बसली म्हणून मेंढ्याही तिच्याभोवती थबकल्या आणि रस्ता पुरता बंद झाला. वरात नाचतच होती.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात उभी. "माय, चल माज्यासंगं ठाण्यात. तुला बोलायचं काम न्हाई. नुसती उभी ऱ्हा."

ठाण्यात मला खुर्ची मिळाली, चहाही मिळाला. तिला भिंतीकडे बोट दाखवून खाली बसायला सांगितलं. ती उभीच राहिली.

"रस्ता वरातीनं बी अडवला व्हता. त्यायला का न्हाई लावली?"

"मावशी, उद्या या," जमादार म्हणाले. मग आवाज उतरवून मला म्हणाले, "मॅडम, चारा संपला की ही मंडळी पुढच्या गावाला जातात. टेन्शन घेऊ नका." जणू मी त्यांच्यातलीच.

त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता. चारा संपला, कळप निघाला. पण तो मुला-सुनेबरोबर लावून देऊन ती आमच्या आखाड्यावर, शेतातल्या खोपीत, एकटी राहिली. कळपाशिवाय चालणं तिला जमेना. एसटी पकडायला जातानाही मध्येच थांबून मागे बघायची. दिवसभर ठाण्याच्या पायरीवर बसायची. शिपाई चिडवायचे, "आजी, मेंढ्या वाट बघत असतील की!"

"त्यायला काय, मालकीण नसली तरी चरत्यात. मलाच करमंना."

एका दुपारी मी तिच्यासाठी भाकरी घेऊन गेले होते, तेव्हा तो तरुण शिपाई पायरीपाशी आला. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाला, "आजी, चुकलं माझं."

तिने हात वर केला. बोटं अजून नीट उघडत नव्हती. "मला नगं सांगू लेका. आत जाऊन सांग."

त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली. मग आत गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण त्याच दुपारी तिची तक्रार लिहून घेतली गेली. अंगठा देऊन ती बाहेर आली आणि तिने एवढंच विचारलं, जिंतूरची गाडी कुठं लागती? कळप तिकडेच गेला होता.

तक्रारीचं पुढे काय झालं, ते अजून कळलेलं नाही.

यंदा कळप आला, ती आली नाही.  मी तिच्या सुनेला विचारलं, आणि ती ओट्यावर ऐसपैस बसून सांगू लागली.

"आत्याबाई येलदरीला ऱ्हायल्यात. तिथं पोलिसानं एका मासेवाल्याला लावली तसलीच काठी. त्यो भिऊन बोलंना. मग ह्याच त्याला हाताला धरून ठाण्यावर जाऊन बसल्यात."

"मग येणार कधी?"

सून हसली. "ठाण्यातले थकले की."