ब्रेकवरची लाल झाकणं

औसेप्पचेट्टनला, म्हणजे औसेप्पदादाला, ‘नाही’ म्हणता येत नाही, हे केरळातल्या आमच्या एराट्टुपेट्टाच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. गाड्या सजवायचं त्याचं दुकान. कुणी गाडीला शिंगं बसव म्हटलं, तर हा ‘किती लांब?’ एवढंच विचारायचा.

धाकटी बहीण लिस्सी त्यानंच वाढवलेली. तिचा नवरा टोमी कुवेतहून रजेवर आला, तो आपल्या इथल्या गाडीच्या ब्रेकवर बसवायची लाल प्लास्टिकची झाकणं घेऊन. चाकाच्या आरांतून लाल चमकलं की साधी गाडीही शर्यतीची वाटते. बाकी उपयोग शून्य. पण आखातातून आलेलं काही आमच्याकडे कुणी तपासत नाही. साबण असो, अत्तर असो की जावई.

खोक्यात पकडीचे चाप नव्हते. चेट्टन म्हणाला, नुसत्या गोंदावर नको, घाटात ब्रेक तापतात. टोमी हसला.

“अळिया, मेहुणेबुवा, कुवेतच्या पन्नास डिग्रीत टिकतात ही. तुमच्या वागमण घाटातल्या धुक्यात वितळणार होय?”

कुवेतला ऊन आहे, उतार नाही. हे ओठांवर आलं होतं, असं चेट्टननं मला नंतर सांगितलं. पण बहिणीच्या नवऱ्याला, तेही रजेवर आलेल्याला, चारचौघांत कोण तोडणार? त्यानं गोंद लावला.

“माझ्या लग्नात मला एवढं नटवलं नव्हतंस,” लिस्सी म्हणाली.

रविवारी चर्चहून परस्पर दोघं वागमणला गेली. उतरताना टोमीचा पाय सारखा ब्रेकवर. गोंद सुटला, झाकण आरात अडकलं आणि ब्रेकची नळी तोडून गेलं. गाडी लिस्सीच्या बाजूनं कड्यावर आदळली. टोमीचा हात मोडला. लिस्सी जागीच गेली.

बाजारानं धुक्याला दोष दिला, टोमीनंही. चेट्टनला गप्प बसणं सोपं होतं. तेच तर त्याला छान जमायचं. पण पोलिसांच्या आवारात जाऊन तो गाडी बघून आला आणि दफनानंतर सगळ्या घरासमोर बोलला.

“धुकं नव्हतं, टोमी. झाकण होतं. तू आणलंस, मी बसवलं. मला कळत होतं.”

चेट्टनच्या म्हाताऱ्या आईनं विचारलं, “मग तेव्हा का नाही बोललास, मोने, माझ्या लेकरा?”

टोमी कुवेतला परतला. चेट्टन आता असली झाकणं बसवत नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. परवा तो त्यातल्या एकाच्या मागे रस्ता ओलांडून गेला आणि लिस्सीचं सगळं सांगितलं. त्या माणसानं नीट ऐकून घेतलं. हळहळला. मग दुकानदाराकडे वळून म्हणाला, लाल नकोत बुवा, पिवळी आहेत का?