निळ्या झेंड्यांची टीम

हॅनोव्हरच्या ट्राममध्ये माझे सासरे एकदम उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, इथेही जयंती असते? बोलली नाहीस कधी."

मे महिन्यातला रविवार होता. बाबा, माझी नऊ वर्षांची मुलगी आणि मी तळ्याकाठी फिरायला निघालो होतो. नवरा नेहमीप्रमाणे कंपनीच्या कामासाठी दुसऱ्या शहरात. मधल्या एका स्टॉपवर ट्राममध्ये जी माणसं शिरली ती सगळी निळी. निळे शर्ट, निळे स्कार्फ, गालांवर निळे पट्टे, एकाच्या गळ्यात ढोल आणि काठ्यांना भलेमोठे निळे झेंडे. परभणीच्या टेलिफोन ऑफिसात नोकरी करता करता बाबांनी उभा जन्म वस्तीतली भीमजयंतीची मिरवणूक काढण्यात घालवला आहे. आपल्याकडे एप्रिलात सुरू झालेल्या मिरवणुका मेअखेरपर्यंत कुठे ना कुठे निघतच असतात, त्यामुळे महिन्याबद्दलही त्यांना शंका आली नाही.

"अहो बाबा, थांबा," असं मी म्हणेपर्यंत ते ढोलवाल्यामागोमाग खाली उतरले होते. त्यांच्यामागे मुलगी, तिच्यामागे चिवड्याचा डबा आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत मी. गर्दीत त्यांना गाठलं तेव्हा आम्ही स्टेडियमच्या दारात पोचलो होतो आणि भिंतीवर शिरस्त्राण घातलेल्या एका आडदांड माणसाचं चित्र होतं.

"बाबा, ही मॅच आहे. अमेरिकन फुटबॉलची. इथल्या टीमचा रंग निळा आहे, एवढंच."

बाबांनी चित्राकडे पाहिलं, झेंड्यांकडे पाहिलं. थोडे खट्टू झाले. मग म्हणाले, "आता आलोच आहोत. आणि रंग तर आपलाच आहे."

मला खेळ या प्रकाराचाच तिटकारा आहे. शाळेत असताना पी.टी.च्या तासाला माझं हमखास पोट दुखायचं. रविवारी चार तास उन्हात बसून परक्या माणसांची धक्काबुक्की बघायची ही कल्पनाच मला सोसवत नव्हती. पण मुलीने बाबांच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं. ते दृश्य बघून मी मुकाट्याने तिकिटं काढली. त्याला कारण होतं.

बाबा भारतातून आले त्या पहिल्या संध्याकाळची गोष्ट. सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच घर सोडून इतके लांब आले होते. आमच्या लेकीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर देते जर्मनमध्ये. आजोबा येणार म्हणून मात्र तिने मराठी बोलायचं मनावर घेतलं होतं. ताटं मांडून झाल्यावर ती मोठ्या ऐटीत हॉलमध्ये गेली आणि म्हणाली, "आजोबा, आम्ही जेवतो."

"जेवा बाळा, सावकाश जेवा," असं म्हणून बाबांनी पेपर उघडला.

ती परत आली ती कान लाल करून. आजोबांना आपल्याबरोबर जेवायचंच नाही, असं तिने मला जर्मनमध्ये सांगितलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जर्मनमध्ये 'वीर' हा एकच शब्द. समोरच्याला धरून असेल तरी वीर, त्याला वगळून असेल तरी वीर. आम्ही आणि आपण असा भेद त्या भाषेला ठाऊकच नाही. पोरीने सरळ 'वीर'चं 'आम्ही' करून टाकलं होतं, आणि बिचारे बाबा समजले की ही मंडळी आधी जेवून घेणार, आपली पंगत मागाहून.

तिला मी भेद उलगडून सांगितला, बाबांना एवढंच, की तिला 'आपण' म्हणायचं होतं. बाबा हसले. नवरा तर ताटावर डोकं टेकून हसला, आणि तिथेच सगळं बिनसलं. "वीर इस्ट वीर," असं मुलगी फणकाऱ्याने म्हणाली. म्हणजे वीर म्हणजे वीर, उगाच शिकवू नका. त्यानंतर तिने आजोबांशी मराठीचा एक शब्द म्हणून काढला नाही. बाबांना जर्मन येत नाही. ते काही विचारायचे, ती मान हलवायची. ऑगस्टमधलं त्यांचं परतीचं तिकीट होतं. या वयात ते पुन्हा येतील याचा काय भरवसा. आजोबा आणि नातीमध्ये ते एक फसलेलं वाक्यच कायमचं राहील, या विचाराने माझा जीव तुटायचा. म्हणून तिने धरलेलं ते सदऱ्याचं टोक मला तिकिटांहून महत्त्वाचं वाटलं.

आत आमच्या शेजारी एक जर्मन म्हातारी बसली होती. बोटांची नखंसुद्धा निळी रंगवलेली. बाबांनी रीतसर हात जोडून तिला "जय भीम" म्हटलं. बाईंना वाटलं, हे आपलं नाव सांगताहेत. त्यांनीही आपलं नाव सांगितलं आणि तिथपासून बाबा त्यांचे 'हेअर जयभीम' झाले. हेअर म्हणजे श्रीयुत. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर बाबांनीच मला थांबवलं. "असू दे. या देशात माझं एवढंच नाव राहिलं तर वाईट काय?"

मॅचचं काय सांगू. खांद्यांत उशा भरलेली दांडगी माणसं ओळीने वाकून उभी राहायची, शिट्टी वाजायची, एकमेकांवर आदळून ढीग व्हायचा. मग पंच तो ढीग उपसायचे आणि सगळे पुन्हा ओळीने उभे. आमचे निळे तर उभे राहायच्या आधीच आडवे. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, अमेरिकेहून खास आणलेला होता. त्याने अर्ध्या मॅचमध्ये जेवढे चेंडू फेकले, त्यांतले निम्मे समोरच्यांनी झेलले. पार धुव्वा उडाला. बाबांनी मात्र थोड्याच वेळात खेळ ताब्यात घेतला. "कबड्डीच आहे गं. चार चढायांत दहा पावलं पुढे जायचं. यांचा दम कमी पडतो."

शेवटची शिट्टी झाली. हरलेले खेळाडू शिरस्त्राणं काढून प्रेक्षकांसमोर मान खाली घालून उभे राहिले. मला वाटलं, आता शिव्या पडणार. पण ढोल वाजला आणि सगळी निळी बाजू उभी राहून गायला लागली, "वीर झिंट इमर दा." आम्ही सदैव इथेच आहोत, असं त्या गाण्यात होतं. त्यातला 'वीर' तेवढा बाबांच्या कानांनी टिपला.

"वीर म्हणतात त्यांना? एवढं हरूनसुद्धा?" बाबांचे डोळे भरून आले. "चांगली माणसं आहेत गं ही." आणि तेही हात वर करून ओरडायला लागले, "वीर, वीर."

मुलीने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि जर्मनमध्ये कुजबुजली, "ममा, त्यांना सांग ना, त्याचा अर्थ तसा नाही."

"तुझे आजोबा आहेत," मी म्हटलं. "तू सांग."

तिने मान फिरवली. मीही हट्टाला पेटले. ही चूक दुरुस्त करायची तर हिनेच, आणि तीही मराठीत. मी नाही म्हणजे नाही.

तो सगळा उन्हाळा आम्ही हरण्यात घालवला. घरच्या मैदानावरची एकही मॅच बाबांनी चुकवू दिली नाही. टीमने एकही जिंकली नाही. अमेरिकेहून आणलेल्या गड्याचा खांदा निखळला आणि त्याच्या जागी एक कोवळा, चष्मेवाला विद्यार्थी आला. चष्मा काढून खेळायचा आणि मग कुणाकडे चेंडू फेकायचा तेच त्याला दिसायचं नाही, असं शेजारच्या बाईंचं मत. प्रेक्षक विरळ होत गेले. एका मॅचला इतका गारठा आणि पाऊस होता, की ढोलवालासुद्धा आला नाही. आम्ही होतो. मी दात वाजवत होते आणि बाबा चिवडा वाटत होते. शेजारच्या बाईंना तो इतका तिखट लागला, की त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. पुढच्या वेळी त्यांनी चिवड्यासाठी स्वतःची डबी आणली.

"बाबा, तुम्ही आल्यापासूनच हरतात ते," नवरा चिडवायचा.

"शकुन-अपशकुन आपण मानत नाही," बाबा म्हणायचे. "त्यांचा उजवीकडचा गडी लवकर उठतो, म्हणून हरतात."

आजोबा-नातीचं बोलणं मात्र खुणांवरच चाललं होतं. पंच जे हातवारे करतात ते तिने त्यांना शिकवले. घरात भाजीत मीठ जास्त झालं की दोघं मिळून माझ्याविरुद्ध फाऊलची खूण करायचे. दोन्ही हात सरळ वर गेले म्हणजे टचडाऊन, चेंडू शेवटच्या पट्टीत; आमच्या घरात त्याचा अर्थ, चहा उत्तम झालाय. मी रागावल्यासारखं दाखवायचे, पण मनातून सुखावायचे. तरी रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, खुणा परभणीला फोनवरून कशा पोचणार? बाबांच्या फोनचा कॅमेरा कायम छताकडे असतो.

शेवटची घरची मॅच त्यांच्या विमानाच्या आदल्या रविवारी होती. त्या दिवशी काय संचारलं होतं कोण जाणे, आमचे निळे चक्क पुढे होते. चष्मेवाल्याने फेकलेला चेंडू एकाने पळता पळता पाठीमागे वळून झेलला आणि तो थेट शेवटच्या पट्टीत जाऊन पडला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. मुलगी माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी टेबलावर चढून नाचत होते. बाबांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले ते खाली घेईनात.

आणि अगदी शेवटच्या क्षणी समोरच्यांनी लाथेने चेंडू दोन खांबांमधून पार केला. एका गुणाने गेली मॅच.

मुलगी ढसाढसा रडायला लागली. मैदानावर तो चष्मेवालाही गुडघ्यांवर बसून रडत होता. मलाही हुंदका आवरेना, आणि स्वतःचाच राग आला. या खेळाचे नियम अजून मला धड कळत नव्हते आणि मी तिथे रडत बसले होते.

नेहमीसारखं गाणं सुरू झालं. बाबांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नको बाळा. बघ, हरले तरी वीरच म्हणतायत ना त्यांना? मग झालं तर."

तिने नाक पुसलं. माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम शेजारच्या बाईंच्या डबीत चिवडा भरायला लागले.

"आजोबा," ती म्हणाली. आणि मग, पाण्यात पाय घालून बघावा तशी, मराठीत, "वीर म्हणजे ते नाही. ते हीरो नाही."

बाबांचा हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला. "मग काय?"

"वीर म्हणजे आम्ही." ती अडखळली. कपाळाला आठ्या पडल्या. माझ्या हातातून चिवडा बाईंच्या मांडीवर सांडत होता आणि मला त्याचं भान नव्हतं. मुलीने आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग आजोबांच्या. "नाही. आल्झो, म्हणजे, आम्ही नाही. आपण. वीर म्हणजे आपण. तू पण."

संपूर्ण उन्हाळाभर आपण चुकीचं ओरडत होतो हे त्यांच्या ध्यानात आलं असणार, पण त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी मैदानाकडे बघितलं. खेळाडू अजून मान खाली घालून उभे होते.

"म्हणजे एवढ्या सगळ्या मॅचेस आपण हरलो?" त्यांनी विचारलं.

"जा," ती म्हणाली, म्हणजे जर्मनमधलं हो. "आपण हरलो. सगळ्या."

"मग चांगलंच झालं," असं म्हणून बाबा हसायला लागले आणि उभं राहून पुन्हा ओरडले, "वीर, वीर." या वेळी अर्थासकट. बाईंनी निघताना आपला निळा स्कार्फ काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि हेअर जयभीमने पुढच्या हंगामाला आलंच पाहिजे असं बजावलं. मी त्याचं भाषांतर करायच्या आतच मुलीने करून टाकलं होतं, मोडकंतोडकं, पण बाबांना पुरलं.

घरी पोचलो तेव्हा सगळ्यांना भूक लागली होती. मी खिचडी टाकली. नवराही तेवढ्यात गावाहून आला होता, तो कांदा चिरत होता. कुकरची शिट्टी अजून व्हायची होती, पण मुलीला धीर नव्हता. हॉलच्या दारात उभं राहून तिने हाक मारली, "आजोबा, आपण जेवतो."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. या वेळी तो हसला नाही.

ताटं घ्यायची होती, भात शिजायचा होता. बाबा गळ्यातल्या स्कार्फसकट येऊन बसलेसुद्धा.